९२.५ ते ९४.३

आज नौपाड्याच्या घरी माळा आवरताना बाबांचा जुना ट्रान्झिस्टर सापडला. काचेवर चिकटपट्टी, तिच्यावर बॉलपेनने त्यांच्या अक्षरात : ‘९२.५ गो’. खूप भरून आलं.

२००२ साली मुंबईत खाजगी एफएम आले, त्यात मिड-डे ग्रुपचं गो ९२.५ होतं. इंग्रजी गाणी लावणारं. ठाण्यात आमच्याकडे ते स्वच्छ लागायचं. पण तेव्हाची लायसन्स फी ठरलेली आणि दर वर्षी वाढणारी. कमाई असो नसो, भरायचीच. २००५च्या धोरणात ती उत्पन्नाच्या ४ टक्के या हिशेबावर आली, तेव्हा कुठे या धंद्याला श्वास घेता आला.

२००६ मध्ये गोचं रेडिओ वन झालं, फ्रिक्वेन्सी ९४.३ आणि गाणी हिंदी. २०१३ला परत इंग्रजी. २०१९ला मालकी एचटी मीडियाकडे. मालक बदलणारच, त्याबद्दल तक्रार नाही. पण नाव, भाषा, आकडा सगळंच बदललं की जुने श्रोते कुठे जातात, हे कोणीतरी विचारायला हवं. हे आवाज जपले गेलेच पाहिजेत, असं मला मनापासून वाटतं.

कोणी त्या काळात कॅसेटवर गो रेकॉर्ड केलं असेल तर प्लीज कळवा. कॅसेट घ्यायला मी स्वतः येईन, कळवा-मुंब्रा असो की वाशी.