मटारच्या दाण्याएवढी ग्रंथी

माझ्या बाळंतपणात खूप रक्तस्राव झाला. नंतर दूध आलंच नाही, पाळीही परतली नाही. सगळे म्हणाले, अशक्तपणा आहे. तेव्हाच मेंदूच्या तळाशी असलेल्या, इतर ग्रंथींना चालवणाऱ्या पिट्युटरी ग्रंथीचा रक्तपुरवठा तुटून ती निकामी झाली होती, हे कळायला ६ वर्षं गेली! टीएसएच, म्हणजे थायरॉईडला कामाला लावणारं पिट्युटरीचं संप्रेरक, तपासणीत नॉर्मल दिसायचं, म्हणून थायरॉईडचा विषय तिथेच मिटायचा. पण पिट्युटरीच मंदावली असेल तर टीएसएचवर विसंबता येत नाही, फ्री टी४, म्हणजे रक्तातलं थायरॉईडचं संप्रेरकच, बघावं लागतं.

डॉक्टरांनी आधी हायड्रोकॉर्टिसोन (शरीरात कमी पडलेल्या कॉर्टिसॉल संप्रेरकाऐवजी) सुरू केलं, मग थायरॉक्सिन (थायरॉईडच्या संप्रेरकाऐवजी). हा क्रम उलटला तर जिवावर बेतू शकतं.

आता ताप आला की डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे हायड्रोकॉर्टिसोनचा डोस दुप्पट करते. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकली नाही, तर त्याचंच इंजेक्शन आणि लगेच दवाखाना. ते इंजेक्शन कायम पर्समध्ये असतं. द्यायला नवरा शिकलाय.