दूरस्थ संगणकांवरील स्वयंचलित अपडेटची तपासणी : माझा अनुभव

माझ्या देखरेखीखालील संगणक वेगवेगळ्या इमारतींत विखुरलेले असल्यामुळे प्रत्येकापाशी जाऊन अपडेटची सेटिंग पाहणे व्यवहार्य नव्हते, म्हणून ती नेटवर्कवरूनच वाचायची असे मी ठरवले. दुसऱ्या संगणकाची रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जचा साठा, दुरून वाचू देणारी रिमोट रजिस्ट्री ही सेवा विंडोज 10 मध्ये मुळातच बंद असते आणि केवळ तपासणीसाठी ती सर्वत्र सुरू करणे मला योग्य वाटले नाही. डोमेनमधील (एकाच केंद्रीय व्यवस्थापनाखालील) संगणकांवर विनआरएम ही दुरून आलेल्या आज्ञा स्वीकारणारी विंडोजची सेवा आधीपासून चालू होती, तेव्हा पोर्ट 5985 वरून पॉवरशेल या विंडोजच्या आज्ञा-साधनातील ‘इन्व्होक-कमांड’ने काम भागले. ही आज्ञा एका वेळी 32 संगणकांशी बोलते आणि बाकीचे आपोआप रांगेत थांबतात.

धोरणाने (ग्रुप पॉलिसीने, म्हणजे प्रशासकाने अनेक संगणकांना एकत्र लावलेल्या नियमांनी) लादलेली सेटिंग रजिस्ट्रीत विंडोज अपडेटच्या पॉलिसी शाखेतील ‘एयू’ या की-खाली (नोंदींच्या गटाखाली) असते. तिथे ‘नोऑटोअपडेट’चे मूल्य 1 असेल तर स्वयंचलित अपडेट बंद आहे असे समजावे. ‘एयूऑप्शन्स’ 2 असेल तर डाउनलोडपूर्वी, 3 असेल तर इन्स्टॉल करण्यापूर्वी वापरकर्त्याला सूचना मिळते आणि 4 असेल तर ठरलेल्या वेळी सारे आपोआप होते. बऱ्याच संगणकांवर ही की नव्हतीच. तिचा अभाव म्हणजे अपडेट बंद असा अर्थ काढणे चुकीचे आहे, कारण धोरण नसेल तेव्हा विंडोज 10 स्वतःच्या मूळ पद्धतीने अपडेट घेत राहते. तसेच ‘वुआऑसर्व्ह’ ही विंडोज अपडेटची सेवा थांबलेली दिसली तरी काळजीचे कारण नसते. ती गरजेपुरतीच सुरू होते. तिचा स्टार्टअप प्रकार ‘डिसेबल्ड’ असेल तर मात्र लगेच लक्ष घालावे.

खरा प्रश्न पुढेच होता. काही संगणकांवर ‘एयूऑप्शन्स’ 4 होते, सेवाही ठीक होती, तरीही शेवटच्या यशस्वी इन्स्टॉलेशनची तारीख कित्येक महिने जुनी होती. ‘यूजडब्ल्यूयूसर्व्हर’ 1 (म्हणजे नेमून दिलेल्या सर्व्हरकडूनच अपडेट घे) आणि ‘डब्ल्यूयूसर्व्हर’मध्ये केव्हाच निवृत्त केलेल्या डब्ल्यूएसयूएस, म्हणजे संस्थेतल्या संस्थेत अपडेट वाटणाऱ्या, सर्व्हरचा पत्ता पाहिल्यावर कारण कळले : हे संगणक नेमाने अस्तित्वात नसलेल्या सर्व्हरकडे चौकशी करत होते. ग्रुप पॉलिसीत पत्ता दुरुस्त करून, धोरण लगेच लागू करणारी ‘जीपीअपडेट’ ही आज्ञा चालवल्यावर अडलेली अपडेट्स येऊ लागली. त्यामुळे नुसती सेटिंग वाचून तपासणी पुरी झाली असे मी मानत नाही. शेवटच्या यशाची तारीख अहवालात असलीच पाहिजे. 2017 साली वॉनाक्राय हे खंडणी मागणारे मालवेअर मे महिन्यात पसरले, तेव्हा त्याने वापरलेली त्रुटी बुजवणारे अपडेट मार्चमध्येच उपलब्ध झालेले होते. एवढे एक उदाहरण या आग्रहासाठी मला पुरेसे वाटते.

सर्वांत जास्त वेळ उत्तर न देणाऱ्या संगणकांनी घेतला. त्यांतले बरेचसे लॅपटॉप होते, जे तपासणीच्या वेळी नेटवर्कवर नसत. त्यांना ‘ठीक’ किंवा ‘बंद’ यांपैकी कशातही न घालता मी ‘प्रतिसाद नाही’ असा वेगळा रकाना केला आणि फक्त त्याच नावांवर स्क्रिप्ट दिवसातून अनेकदा चालेल अशी व्यवस्था लावली. मायक्रोसॉफ्टची सुरक्षा अपडेट्स दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, म्हणून पूर्ण तपासणी मी त्यानंतरच्या आठवड्यात ठेवतो आणि तोवर ज्या लॅपटॉपने एकदाही उत्तर दिलेले नसते, त्याच्या वापरकर्त्याला स्वतः फोन करतो.