टेबलावरची फुलं, दुसऱ्या दिवशी भरीत

नाताळच्या सुट्टीला आमच्याकडे जेवायला माणसं असतात. टेबल सहा जणांचं आणि बसणारे आठ, म्हणून मधोमध जे ठेवायचं ते बुटकंच हवं. वाढताना कोपर लागून पडलं, तर सजावट रश्शात! शिवाय जेवणाच्या ताटाजवळ निशिगंधाचा वास मला सोसत नाही. तेव्हा भाज्यांचीच फुलं.

भाजी दादरहून सकाळी लवकर आणते. मुळा हातात जड लागला पाहिजे, हलका असला की आतून पोकळ. गाजरं केशरी आणि जाडजूड. लाल गाजरं हलव्याला.

कोरीव कामाला हात सुबक लागतो म्हणतात. माझ्या मते निम्मं काम पाणीच करतं. पातीच्या कांद्याची हिरवी पात सुईने उभी चिरायची आणि बर्फाच्या पाण्यात सोडायची. आतला ओला भाग पाणी पिऊन फुगतो, बाहेरच्या मेणचट सालीला तेवढं फुगता येत नाही, म्हणून एकेक पट्टी बाहेरच्या बाजूला वळत जाते. बघत उभं राहावंसं वाटतं. गाजराचं नेमकं उलट. किसणीच्या पात्यावर काढलेल्या पातळ चकत्या मिठाच्या पाण्यात ठेवल्या की मीठ त्यांच्यातलं पाणी ओढून घेतं, त्या लवचिक होतात आणि न तुटता गुंडाळून गुलाब होतो. बीट मात्र शेजारी कुणाला नको! त्याचा रंग पाण्यात उतरतो, मुळा गुलाबी करून ठेवतो. ते वेगळ्या वाटीत, आणि लावायचं सगळ्यात शेवटी.

बैठकीला लाल भोपळ्याची मोठी फोड पालथी घालते, वर कोबीची बाहेरची पानं. फुलं टूथपिकने टोचायची. टूथपिक मोजून टोचायच्या, मोजून काढायच्या. यात आळस चालत नाही. मग ओलं फडकं झाकून पाहुणे येईपर्यंत फ्रिजमध्ये. आपल्याकडे डिसेंबरातही पंखा लागतोच, त्याखाली पाकळ्या माना टाकतात.

मेक्सिकोतल्या ओआहाका शहरात २३ डिसेंबरला मुळे कोरण्याची स्पर्धा भरते, १८९७पासून. मुद्दाम मोठे वाढवलेले मुळे, त्यांतून माणसं, प्राणी, अख्खे देखावे. मी कौतुकाने सांगितलं. सासूबाईंनी विचारलं, "आणि नंतर खातात का गं ते?"

"नाही आई, ते खायचे नसतात."

"मग काय उपयोग!"

याबाबतीत मी त्यांच्याच बाजूची. खायचा रंग नाही, चकाकीसाठी काही फासायचं नाही. कोरताना निघालेले तुकडे कोशिंबिरीत, मुळ्याचा पाला भाजीला, आणि भोपळ्याच्या बैठकीचं दुसऱ्या दिवशी दही घालून भरीत.

यंदा नवलकोल कोरून बघणार आहे, कोवळा मिळाला तर. जून निघाला तर सरळ हरभऱ्याची डाळ घालून भाजी.