दहा मिनिटांचा गड

"दहा मिनिटांत झाला की गड!" आज बेळगावजवळच्या राजहंसगडाच्या दारात एकजण फोनवर सांगत होता. गाडी थेट वर, सिद्धेश्वराला नमस्कार, शिवरायांच्या पुतळ्यासमोर फोटो, की परत खाली. ते 'झाला' तेवढं खटकलं.

अहो, तटावरून खालच्या येळ्ळूर गावाचं शिवार तरी बघायचं! पावसाळ्यात पाण्यानं भरलेली भाताची खाचरं. कापणी झाली की त्याच रानात मसूर, वाटाणा, तेही बहुतेक जमिनीत उरलेल्या ओलीवर. म्हणून तर पेरणीची एवढी घाई. ओल उडाली तर बी नीट उगवत नाही. कापणीतच पावसानं गाठलं तर भात आडवं होतं आणि त्यामागून येणारी पेरणीही लांबते.

गाडी येळ्ळुरातच ठेवा, चालत चढा. सकाळी लवकर, पाणी बरोबर घेऊन. शिवारात शिरलात तर विचारून, बांधाच्या मधोमध, एकामागून एक. ओली कड ढासळली की वरच्या खाचरातलं पाणी खालच्यात उतरतं आणि वरचं रोप कोरडं पडतं. शेतकरी ओरडतो ते उगाच नव्हे.

फोटो काय, कधीही निघतील.

मसुरीच्या दिवसांत कोण कोण येतंय चालत?