तुम्ही विचारलंत म्हणून: ती ओळखते का हो तुम्हाला?

आमच्याकडे पहिल्यांदा येणाऱ्या माणसाचे प्रश्न ठरलेल्या क्रमाने येतात. आधी "खरी आहे ही?" मग "पाल? आणि मुद्दाम पाळलीय?" मग चावते का, किळस नाही का येत, रात्री झोप कशी लागते तुम्हाला. चहा होतो, पोरं काचेला नाक लावून बसतात, मोठ्यांनाही जरा धीर येतो. मग निघता निघता कुणीतरी खरं विचारायचं ते विचारतं: "पण ती ओळखते का हो तुम्हाला? म्हणजे, जीव वगैरे लावते का?"

चपला घालत असलेल्या माणसाला याचं धड उत्तर देता येत नाही. म्हणून इथे देते.

आम्ही इंग्लंडात, रेडिंगला राहतो. नवऱ्याला मांजरांची ॲलर्जी आहे आणि दोघंही दिवसभर बाहेर असतो, त्यामुळे कुत्रा बाद. लेपर्ड गेको ही पालीची जात दिवसा झोपते आणि तिन्हीसांजेला उठते, म्हणजे आम्ही घरी येतो तेव्हा. आमची मादी आहे. पिवळ्या अंगावर भरडलेल्या मिऱ्यासारखे ठिपके, म्हणून मिरी. वीतभर लांब, वजन पासष्ट ग्रॅमच्या आसपास.

ट्यूबलाइटमागे राहणारी आपली घरातली पाल डोळ्यांसमोर आणू नका. तिला पापण्या नसतात, हिला आहेत. ती डोळे मिटते, उघडते, आणि जांभई दिल्यावर तर चक्क मिचकावते. घरच्या पालीच्या बोटांखाली भिंतीला चिकटणाऱ्या गाद्या असतात, हिला नुसत्या नख्या. त्यामुळे ती काचेवर चढू शकत नाही, छतावरून तुमच्या डोक्यावर पडू शकत नाही, आणि पंचांगात पाल अंगावर पडण्याची जी फळं दिलेली असतात त्यांतलं एकही हिला लागू नाही. हिची मूळ जागा अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारताचे कोरडे, खडकाळ भाग. एडवर्ड ब्लिथने १८५४ साली या जातीचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक सगळ्या मात्र पिढ्यान् पिढ्या पिंजऱ्यातच जन्मलेल्या असतात.

तर, ओळखते का? संध्याकाळी मी खोलीत आले की मिरी बिळातून डोकं बाहेर काढते. नवऱ्याचा हात आत गेला तर आधी जीभ लावून वास घेते, मग ठरवते. माझ्या हातावर विचार न करता चढते. याला ओळख म्हणायचं असेल तर म्हणा. पण हात ऊबदार असतो आणि त्या हातातून टोळ मिळतो, एवढं तिला कळतं, हे मला दिसतं. त्यापलीकडे काही कळतं असं मी सांगू लागले तर ती थाप होईल. गेल्या उन्हाळ्यात आम्ही भारतात गेलो होतो तेव्हा शेजारीण येऊन खायला घालायची. परत आले तेव्हा मिरी तिच्याही हातावर तितक्याच बिनदिक्कत चढत होती. मला थोडं लागलं, खरं सांगते. मग वाटलं, चांगलंच आहे की. कुणावाचून हिचं अडत नाही.

जीव लावणं इथे एकाच बाजूने चालतं, आणि ते बरंचसं थर्मोस्टॅटच्या रूपात. या प्राण्याच्या अंगात स्वतःची ऊब तयार होत नाही. बाहेर जेवढी ऊब, तेवढंच पचन. पोट भरून खाल्लं आणि अंग गार पडलं, तर अन्न आत तसंच पडून राहतं. म्हणून तिच्या काचेच्या पेटीच्या एका टोकाला दिव्याखाली बत्तीस ते चौतीस अंश तापलेला सपाट दगड लागतो आणि दुसऱ्या टोकाला चोवीसच्या आसपासचा गारवा. मधे फिरून आपल्याला हवं ते तापमान ती स्वतः निवडते. दिव्याला थर्मोस्टॅट नसेल तर दगड पन्नासच्या वर जाऊ शकतो, आणि पोट टेकून बसणाऱ्या जनावराला भाजेपर्यंत पत्ता लागेलच असं नाही. दुकानात मिळणारे आतून तापणारे नकली दगड तर घेऊच नका. काचेवर चिकटवायचे ते गोल काट्याचे स्वस्त तापमापकही कुचकामी, ते हवा मोजतात तीही अंदाजपंचे. दगडाचं तापमान मोजायला रोखून धरायची इन्फ्रारेड गन घ्या. मी ती डोसा तवा तापला का बघायलाही वापरते.

आमची पेटी तीन फूट लांब आहे. लोकांना ती मोठी वाटते, मला अजून मोठी हवी होती. आत तीन बिळं: एक गरम बाजूला, एक गार बाजूला, आणि मधे एक ओलं शेवाळ भरलेलं. वर अतिनील किरणांची बारीक नळी, टायमरवर. पूर्वी लोक म्हणायचे, रात्रीचा प्राणी आहे, याला उन्हाचं काय? पण तिन्हीसांजेच्या उन्हात तो अर्धा बाहेर येऊन बसतोच, आणि आता बहुतेक जाणकार मंद नळी लावायला सांगतात. खाली काय घालायचं यावर मात्र पाळणाऱ्यांत भाऊबंदकीसारखी भांडणं आहेत. माझं मत विचाराल तर पिल्लाला आणि आजारी जनावराला कागदी टॉवेल, धडधाकट मोठ्याला माती आणि वाळू मिसळून घट्ट दाबलेली जमीन. "कॅल्शियम सँड" म्हणून जी रंगीत वाळू विकतात ती मात्र नको. कॅल्शियम कमी पडलेलं जनावर ती चाटत सुटतं आणि आतडी तुंबतात.

स्वच्छतेच्या बाबतीत मिरी आमच्या घरात पहिली. पेटीचा एकच कोपरा शौचाला ठरवलाय, दुसरीकडे कधी जात नाही. तिथे टाइल ठेवली, ती धुतली की झालं. हात मात्र साबणाने धुवायचेच, दर वेळी. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला नावाचा, माणसाचं पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. पेटीतली भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये येत नाहीत, आणि पाच वर्षांखालच्या पाहुण्यांना फक्त काचेतून दर्शन.

आता खाण्याचं. ही भाजी, फळ, पान काही म्हणजे काही खात नाही. जिवंत किडे लागतात: टोळ, रातकिडे, झुरळांची एक जात, अधूनमधून पिठातल्या अळ्या. इकडे दुकानात ते दह्याच्या डब्यांसारख्या डब्यांतून मिळतात. अळ्या फ्रिजमध्ये ठेवल्या की त्यांचे भुंगे व्हायला वेळ लागतो, म्हणून आमच्या फ्रिजच्या दारात त्यांची जागा आहे. सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा चातुर्मास चालू होता. कांदा-लसूण बंद, वांगं बंद, आणि श्रीखंडाच्या शेजारी वळवळणारा डबा. त्यांनी झाकण उघडलं, बघितलं, लावलं. "अगं, डब्यावर नाव तरी घालत जा," एवढंच म्हणाल्या. चार दिवसांनी त्याच सासूबाई रातकिड्यांना गाजराची सालं घालत होत्या. कारण मी सांगितलं होतं की किडा उपाशी असेल तर मिरीच्या पोटात नुसतं टरफल जातं. "म्हणजे गाईला चारा चांगला तर दूध चांगलं," त्या म्हणाल्या. त्यांना जे एका वाक्यात समजलं, ते मी पाहुण्यांना अर्धा तास सांगत असते.

किड्यांवर कॅल्शियमची पूड भुरभुरायची, कारण किड्यात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी. हे चुकवलं तर हाडं रबरासारखी मऊ पडतात, पाय वाकतात, जबडा खालावतो. अंगणातला किडा पकडून घालू नये, त्याने कुठलं औषध चाखलंय कळत नाही. आणि काजवा तर कधीच नाही. काजव्याच्या अंगातल्या विषाने पाळीव सरडे मेल्याच्या नोंदी आहेत.

एखादा रातकिडा निसटतोच. तो हमखास फ्रिजमागे जातो आणि ऐन डिसेंबरात, बाहेर शून्य अंश असताना, रात्री दोनला किर्र सुरू करतो. माझ्या वडिलांना तो आवाज इतका आवडला की त्यांनी मला तो पकडू दिला नाही. सावंतवाडीला गेल्यासारखी झोप लागली म्हणाले.

शिकार मात्र बघण्यासारखी. टोळ हलला की मिरी थिजते. मान खाली, एक पाय अधांतरी, आणि शेपटीचं फक्त टोक थरथरायला लागतं. सगळं अंग दगड आणि टोक तेवढं वेडं. मग झडप, आणि निम्म्या वेळा नेम चुकतो. चुकला की ती आजूबाजूला असं बघते की जणू झडप दुसऱ्याच कुणीतरी घातली होती.

ती जाडजूड शेपूट म्हणजे चरबीची कोठी. मोठ्या जनावराला आठवड्यातून दोनतीनदा खाणं पुरतं, आणि निरोगी असेल तर मधे काही दिवस उपासही चालतो. शेपूट बारीक व्हायला लागली की मात्र वाट बघत बसू नका, सरपटणाऱ्या प्राण्यांचा डॉक्टर गाठा. जंत असतात, क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एक हट्टी परजीवी असतो. आणि शेपटीला धरून कधीच उचलू नका. घाबरली तर ती टाकून देते. नवी येते, पण बुटकी, गोटीसारखी, पहिल्याची सर नाही.

दर महिन्या-सव्वा महिन्याने कात. आदल्या दिवशी मिरी चुना फासल्यासारखी पांढुरकी होते. मग ओल्या बिळात शिरून तोंडाने कात ओढते, हातमोजा काढावा तशी पायावरून सोलते, आणि खाऊन टाकते. आपण फक्त नंतर बोटं तपासायची, वीसच्या वीस. एखाद्या बोटावर कातीची अंगठी राहिली की ती सुकून आवळते, रक्त थांबतं, बोट गळून पडतं. कोमट पाणी आणि कापसाची काडी, दहा मिनिटांचं काम. मला विचाराल तर हे प्रेमाचं काम आहे. मिरीला विचाराल तर तो छळ आहे, आणि ती तसं चिरक्या आवाजात सांगते.

"एकटी कंटाळत नाही का? जोडीदार आणा की." नाही. दोन नर एकत्र म्हणजे रक्तपात. नर-मादी एकत्र म्हणजे मादीच्या मागे सतत ससेमिरा. दोन मादींत एक गरम दगड बळकावते आणि दुसरी गुपचूप खंगत जाते. आपल्याला ते एकमेकींना बिलगून बसल्यासारखं दिसतं. पिल्लं काढण्याचा हट्टही मी केला नाही. खरं तर त्यातलं शास्त्र भलतं मजेशीर आहे: नर की मादी हे अंड्याच्या तापमानावर ठरतं. सव्वीस अंशांच्या आसपास जवळजवळ सगळ्या माद्या, बत्तीसच्या थोडं वर बहुतेक नर, आणि आणखी दोन अंश चढवले की पुन्हा माद्या.

रंगांच्या हौसेबद्दल माझं मत जरा कडू आहे. पांढऱ्या, केशरी, काळ्या जाती पैदा करून विकतात, त्यांत काहींच्या जोडीला दुखणंही विकतात. "एनिग्मा" नावाच्या जातीची जनावरं मान वाकडी करून गोल गोल फिरतात, भक्ष्य समोर असून नेम धरता येत नाही. "लेमन फ्रॉस्ट" दिसायला लखलखीत, पण मोठेपणी त्यांतल्या बहुतेकांच्या कातडीवर गाठी येतात. २०२१ मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी या रंगाचं आणि गाठींचं मूळ एकाच जनुकाशी, एसपिंट१शी, जोडून दाखवलं. म्हणजे रंग हवा तर गाठी आल्याच. तरी गिऱ्हाईक असतं.

भारतातून फोन येतात ते वेगळंच विचारतात: "आपल्याकडे मिळेल का?" हिचे सख्खे चुलत आपल्याकडे राहतात, हे बहुतेकांना माहीत नसतं. गुजरात-महाराष्ट्रात युब्लेफारिस फस्कस आहे, आणि सातपुड्यातल्या जातीचं २०१४ साली सातपुड्याच्याच नावाने बारसं झालं, युब्लेफारिस सातपुराएन्सिस. पावसाळ्यात रात्री रस्त्यावर दिसल्या की लोक विषारी म्हणून ठेचतात. भारतातली एकही पाल विषारी नाही. दिसली तर गाडी थांबवा, तिला रस्ता ओलांडू द्या, फोटो काढा. पकडून घरी आणायचा विचारही नको, आणि कुणी "पाळीव आहे" म्हणून विकत असेल तर आधी वनखात्याकडे चौकशी, मग पुढचं बोलणं.

आणि इकडच्यांपैकी ज्यांना खरंच हवी आहे त्यांनी एवढं बघा. नीट ठेवली तर ही पंधरा-वीस वर्षं जगते. आज पाचवीत असलेली मुलगी हट्ट करते आहे, ती नोकरीला लागेल तेव्हाही पेटी तुमच्याच हॉलमध्ये असेल. दुकानात जाण्याआधी प्राणी-आसऱ्यांत विचारा, हौस फिटल्यावर सोडून दिलेल्या कितीतरी तिथे असतात. आधी पेटी मांडा, आठवडाभर तापमान बघा, मग जनावर आणा. आणि तुम्हाला ओळखणारं, दारात धावत येणारं काहीतरी हवं असेल, तर नवऱ्याच्या ॲलर्जीवर औषध मिळतं का ते आधी विचारून घ्या.