इगतपुरीचे तीन हजार द्राक्षवाले

सकाळी साडेसातला आप्पांचा फोन. आप्पा म्हणजे आमच्या एका क्लायंटच्या ऑफिसचं सगळं बघणारे, नाशकातल्या द्राक्षवाल्यांना फवारणीचे नि हवामानाचे सल्ले देणारी त्यांची साईट आहे, ती आम्ही सांभाळतो. आवाजात नुसता आनंद. "दादा, एका रात्रीत तीन हजार मेंबर वाढले हो! अध्यक्षांना पण कळवून टाकलं मी." ऑक्टोबर चालू होता, छाटणीचा सीझन, नोंदणी वाढते हे खरं, पण वाढून वाढून दिवसाला वीस-पंचवीस. चहा तसाच ठेवला नि लॅपटॉप उघडला.

सगळ्यांचा तालुका इगतपुरी. आता इगतपुरीचा पाऊस बघितलाय का कोणी, तिथं भात पिकतो, द्राक्षं कोण लावतंय? झालं असं की तालुक्यांची यादी अ-आ-इ करून लावलेली, इगतपुरी सगळ्यात वर, बॉटने, म्हणजे आपोआप फॉर्म भरत सुटणाऱ्या प्रोग्रॅमने, पहिला ऑप्शन उचलला नि पुढे गेला. नावाच्या जागी अक्षरांची खिचडी आणि 'वेबसाईट'च्या रकान्यात सट्ट्याच्या नाहीतर लोनच्या लिंका. त्या लिंकांसाठीच तर सगळा खटाटोप, दुसऱ्याच्या साईटवर टांगल्या की गूगलमध्ये वर येऊ ही आशा. असल्या लिंकांना भाव मिळू नये म्हणून 2005 मध्येच नोफॉलो, म्हणजे 'ही लिंक मोजू नका' असं गूगलला सांगणारी खूण, आलं, पण बॉट सोडायला खर्चच येत नाही म्हटल्यावर कोण थांबतंय.

खरा दणका पुढेच होता. नोंदणी केली की आपली साईट त्या पत्त्यावर खात्रीचा मेल पाठवते, आणि हे पत्ते एकतर खोटे नाहीतर भलत्याच लोकांचे, मग अर्धे मेल बाऊन्स, म्हणजे न पोचता परत, काहींनी स्पॅम म्हणून तक्रार केली, नि नऊ वाजता मेल पाठवणाऱ्या सर्व्हिसने आमचं अकाउंटच बंद करून टाकलं. म्हणजे आता खऱ्या शेतकऱ्यालाही मेल जाईना.

सर म्हणाले आयपी, म्हणजे नोंदणी जिथून येते तो इंटरनेटवरचा पत्ता, ब्लॉक कर. केला असता, पण प्रत्येक नोंदणी वेगळ्या आयपीवरून, आणि आपल्याकडे मोबाईल नेटवर्कवर एका आयपीमागे हजारो लोक असतात, एक बंद केला तर अख्ख्या निफाडला कुलूप लागायचं. मग म्हणाले, चित्रांचा कॅप्चा लाव. त्याला मी नाहीच म्हटलं. भर उन्हात बागेत उभा माणूस, हाताला औषध, त्याला इवल्याशा चौकोनात ट्रॅफिक लाईट शोधायला लावायचे? वर पैसे घेऊन माणसांकरवी कॅप्चा सोडवून देणारी दुकानं आहेतच.

म्हणून हनीपॉट लावला. फॉर्ममध्ये एक रकाना टाकायचा जो माणसाला दिसत नाही पण बॉटला कोडमध्ये दिसतो, बॉट तो भरतो नि सापडतो. सापडला तरी त्याला 'धन्यवाद' दाखवायचं, म्हणजे तो शहाणा होत नाही. शिवाय तीन सेकंदांच्या आत भरलेला फॉर्म रद्द. अकराला चालू केलं, धबधबा थांबला, मी खूश.

दीडला दिंडोरीच्या एक ताई फोनवर. "अहो तीनदा भरला फॉर्म, धन्यवाद म्हणतंय आणि आत घेत नाही." लॉग बघितला नि कपाळावर हात मारला. लपवलेल्या रकान्याला मी शहाणपणा करून 'कंपनी' असं नाव दिलेलं, आणि ताईंच्या ब्राउझरने ऑटोफिलमध्ये कंपनीचं नाव आपणहून भरून टाकलेलं! ताई माझ्या दृष्टीने बॉट. अशा अजून सहा जणांना मी धन्यवाद म्हणून दारातून परत पाठवलं होतं, सगळ्यांना फोन करून माफी मागितली.

रकान्याचं नाव ब्राउझरला ओळखीचं नसेल असं काहीतरी अगडबंब ठेवलं. तरी संध्याकाळी थोडे बॉट झिरपायला लागलेच. तेव्हा आप्पाच म्हणाले, "प्रश्न विचारा की त्यांना. ऑक्टोबरात कुठली छाटणी करतात?" उत्तर गोडी, पोरंसोरंही सांगतील. एआयला विचारलं तर तोही सांगेल म्हणा, पण हजारो साईटींवर एकच स्क्रिप्ट फिरवणारा आमच्या एका प्रश्नासाठी कुठे थांबणार. बॉट गपगार. माणसांची उत्तरं मात्र बघण्यासारखी: गोडी, गोडीछाटणी, फळछाटणी, 'ऑक्टोबरची', इंग्रजी अक्षरात गोडी, आणि सटाण्याच्या एकाने लिहिलं, 'आमची जुलैतच झाली'. त्यांच्याकडे अर्ली द्राक्षं, बरोबरच होतं त्याचं. सगळी उत्तरं चालतील असं करता करता रात्रीचे दहा वाजले.

मग एका दणक्यात इगतपुरी उडवली. आप्पांनी विचारलं, किती उरले? म्हटलं कालपासूनचे एकोणीस. पलीकडे बराच वेळ शांतता, बहुतेक अध्यक्षांना काय सांगायचं याचा विचार चाललेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत फोन. "दादा, इगतपुरीचे एक जण आलेत ऑफिसात. राहतात तिथं, पण बाग आहे त्यांची चांदवडला. म्हणतात, माझं खातं कुठंय?"