बेळगावच्या परड्यातील बहुवर्षायू झाडे आणि त्यांचे घरगुती उपयोग

बेळगाव आणि आसपासच्या गावांतील जुन्या घरांच्या मागे परडे असे, आणि त्या परड्यात दरवर्षी बी टाकून करायच्या भाजीपाल्याइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, एकदा लावली की वर्षानुवर्षे टिकणारी झाडे असत. कुंपणाला अडुळसा आणि कोरांटी, विहिरीच्या काठाशी गवती चहाचे ठोंब, न्हाणीच्या पाण्यावर सोनटक्का आणि कर्दळ, तुळशीवृंदावनाजवळ मरवा आणि अबोली. आज शहापूर-वडगावातील कितीतरी परड्यांवर खोल्या उभ्या राहिल्या आहेत आणि टिळकवाडीत बंगल्यांच्या जागी अपार्टमेंट आली आहेत. उरलेल्या चार हात जागेत किंवा गच्चीवरच्या कुंड्यांत काय लावावे, असे कोणी विचारले तर माझे उत्तर ठरलेले असते: ज्याचे पान किंवा फूल घेतले तरी मूळ जागेवर राहते, ते लावावे. आपल्या घरगुती औषधांची आणि देवघराची परंपरा मुख्यतः अशाच झाडांवर उभी आहे, आणि ती परंपरा पुढे चालवायची असेल तर झाड दारात असणे फार आवश्यक आहे, कारण कोणते पान कोवळे घ्यायचे आणि कोणते जून, हे पुडीतल्या भुकटीवरून कळत नाही.

लावण्याआधी आपल्या भागाचा पाऊस समजून घ्यावा लागतो. कणकुंबी-जांबोटीच्या घाटमाथ्यावर बेळगाव शहराच्या दुपटीहून अधिक पाऊस पडतो, तर पूर्वेकडे अथणी-रायबागच्या बाजूला तो शहराच्या निम्म्यावर येतो. शहर या दोन टोकांच्या मधोमध आहे आणि येथे झाडे उन्हाने मरतात त्यापेक्षा जुलै-ऑगस्टच्या झडीत मुळे कुजून अधिक मरतात. म्हणून वाफा जमिनीपासून वीतभर उंच करावा, तांबड्या मातीत चांगले कुजलेले शेणखत आणि भाताचे तूस मिसळावे, आणि पागोळ्यांचे पाणी थेट वाफ्यात पडणार नाही अशी जागा निवडावी. खानापूर भागात भाताच्या गिरणीवर तूस सहज मिळते आणि त्याने माती कित्येक महिने भुसभुशीत राहते. पूर्वेकडच्या काळ्या जमिनीत हीच झाडे लावायची असतील तर पाण्याचा निचरा करणारी चर आधी काढावी, मगच खड्डा घ्यावा.

अडुळशापासून सुरुवात करावी असे मला मनापासून वाटते, कारण त्याच्याइतके कमी मागणारे आणि भरपूर देणारे दुसरे झुडूप मी पाहिलेले नाही. जूनमध्ये पहिला पाऊस झाला की पेन्सिलीपेक्षा थोडा जाड, तीन-चार डोळ्यांचा फाटा तिरपा खोचावा. बहुतेक फाटे जगतात. गुरे-शेळ्या त्याच्या पाल्याला तोंड लावत नाहीत, म्हणून ते कुंपणालाही उत्तम. हिवाळ्यात त्याला पांढरी फुले येतात. एखादे फूल जवळ घेऊन पाहिले तर खालच्या पाकळीवर जांभळट रेघांची नक्षी दिसते, आणि सकाळच्या उन्हात मधमाश्या नेमक्या त्याच रेघांवरून आत शिरताना दिसतात. फुले ओसरली की मार्चमध्ये कमरेएवढी छाटणी करावी. पावसाळ्यात पुन्हा भरगच्च पाने येतात. खोकल्यासाठी जून, गडद हिरवी पाने घेऊन ती वाफवून त्यांचा रस काढण्याची पद्धत आपल्याकडे आहे, कारण कच्च्या पानाचा रस सहजासहजी निघत नाही. तो मधातून चमचाभर देतात. या पानांतील व्हॅसिसीन या द्रव्याच्या अभ्यासातूनच ब्रोमहेक्झिन हे कफ पातळ करणारे औषध पुढे आले, म्हणजे आजीचा काढा आणि औषधाच्या दुकानातील बाटली यांचे नाते पुष्कळ जवळचे आहे. मात्र गर्भवती स्त्रीला अडुळसा देऊ नये, कारण त्याने गर्भाशय आकुंचन पावू शकते. आणि वर्षाच्या आतील बाळाला मध चाटवू नये. या दोन गोष्टी काढ्याच्या कृतीसोबतच सांगितल्या गेल्या पाहिजेत. अडुळशाचा पाला पूर्वी फळे झाकून ठेवायलाही वापरीत, कारण त्या कडवट पाल्याला कीड आणि बुरशी सहसा लागत नाही.

स्वयंपाकघराला लागून लावण्यासारखी दोन झाडे म्हणजे गवती चहा आणि पानओवा. गवती चहाला फूल क्वचितच येते, त्यामुळे बियांचा प्रश्नच नाही. जुना ठोंब फोडून मुळासकट एकेक फुटवा लावायचा. पाती उपटू नये, जमिनीपासून चार बोटे ठेवून कापावी, आणि तीनेक वर्षांनी ठोंब मधून पोकळ होऊ लागला की फोडून नव्या जागी लावावा. पावसाळी संध्याकाळी आले घातलेल्या चहात दोन पाती टाकण्याची सवय आपल्याकडे घरोघरी आहे आणि त्यासाठी कोणाला कारण सांगावे लागत नाही.

पानओव्याची गोष्ट अधिक रंजक आहे. त्याच्या जाड, मऊ लव असलेल्या पानाचा वास थेट ओव्यासारखा येतो, कारण ओव्याच्या दाण्यातील थायमॉल यातही असते. मराठी घरांत त्याची भजी होतात. कन्नड शेजारघरी त्याला दोड्डपत्रे म्हणतात आणि त्याची तंबुळी करतात. मला तंबुळी एका शेजारच्या अक्कांनी शिकवली: सात-आठ पाने जिरे-मिऱ्यांसह तुपावर मऊ होईपर्यंत परतायची, ओल्या खोबऱ्याबरोबर बारीक वाटायची, ताकात कालवून वर मोहरी-कढीपत्त्याची फोडणी द्यायची. सर्दीने तोंडाची चव गेलेल्या माणसाला गरम भातावर ही तंबुळी वाढावी. तो दुसऱ्यांदा भात मागतो. या झाडाची कांडी पाण्यात ठेवली तरी मुळे फुटतात, पण उघड्यावरच्या सततच्या पावसात मात्र ते सडते. त्याची कुंडी पडवीत ठेवावी.

ब्राह्मी या नावाखाली आपल्या भागात दोन वनस्पती नांदतात आणि त्या वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत. एक नीरब्राह्मी, जिची पाने लहान, जाडसर आणि फुले फिकट जांभळी असतात. दुसरी मंडूकपर्णी, जिला पुष्कळ लोक एकपानी म्हणतात आणि कन्नडमध्ये ओंदेलग. तिचे पान गोलसर, देठाशी खाच असलेले असते आणि ती धावत्या वेलीसारखी जमिनीवर पसरते. दोन्ही ओल मागतात, दोन्ही केसांच्या तेलात पडतात, आणि एकपानीची चटणीही होते. मात्र खाण्यासाठीची ब्राह्मी कधीही गटाराच्या किंवा न्हाणीच्या पाण्यावर वाढवू नये, कारण या वनस्पती पाण्यातील घातक धातू शोषून घेऊन पानांत साठवतात. पसरट कुंडीत, स्वच्छ पाण्यावर, दुपारच्या सावलीत ती उत्तम येते.

खानापूर भागातल्या भातशेतीशी जोडलेला एक उपयोग मला फार मोलाचा वाटतो. रोप लावणीच्या दिवसांत दिवसभर चिखलात उभे राहून बायकांच्या पायांच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. कातडी पांढरी पडते, फाटते आणि रात्री आग होते. त्यावर पिवळ्या कोरांटीच्या पानांचा रस लावण्याची किंवा मेंदीचा पाला वाटून बेचक्यांत भरण्याची रीत जुनी आहे. मेंदीला रंग देणारे लॉसोन हे द्रव्य बुरशीलाही रोखते, त्यामुळे या रीतीला आधार आहे. कोरांटी काटेरी आहे, फाट्याने लागते, उन्हात आणि खडकाळ मुरमातही तग धरते, मेंदीचेही तसेच. बांधावर या दोघींना जागा दिली तर कुंपणही होते आणि लावणीच्या दिवसांत पाला हाताशी राहतो. मलमाची ट्यूब आता गावोगावी मिळते, पण लावणीच्या घाईत बाजार गाठायला वेळ कोणाला असतो? जखम चिघळली किंवा मधुमेह असेल तर मात्र पाल्यावर विसंबू नये, डॉक्टरांना दाखवावे.

फुलझाडांत पहिला मान मी सोनटक्क्याला देते. तो हळदीच्या कुळातला, म्हणजे त्याचे गड्डे जमिनीत आडवे वाढतात. एप्रिल-मे महिन्यांत ते खणून, प्रत्येक तुकड्याला निदान एक डोळा राहील असे फोडून लावावेत. त्याला ओल आणि अर्धी सावली लागते, म्हणून परड्यातील जी जागा इतर झाडांना नकोशी असते ती याला नेमकी मानवते. न्हाणीच्या पाण्यावर तो आनंदाने वाढतो आणि त्याचे काही खायचे नसल्यामुळे तेथे भीतीही नाही. फुलून गेलेला दांडा मुळाशी कापावा, म्हणजे नव्या कोंभाला जागा होते. श्रावणापासून त्याची पांढरी फुले संध्याकाळी उमलतात आणि हरतालिका-गौरीच्या पूजेत हक्काने येतात.

अबोलीला वास नाही आणि मरव्याच्या फुलाला रूप नाही. म्हणून गजऱ्यात दोघांना एकत्र ओवण्याची जी पद्धत आपल्याकडे आणि खाली गोव्यात आहे, ती मला अत्यंत समंजस वाटते. अबोलीचे फूल लवकर कोमेजत नाही आणि तिला जवळजवळ वर्षभर बहर असतो. तिचे बी मिळवायचे असेल तर वाळलेला तुरा वाटीत घेऊन त्यावर पाण्याचे दोन थेंब सोडावेत: काही क्षणांत बोंडे टचटच तडकतात आणि चपटे बी वाटीबाहेर उडते. पहिल्या पावसाच्या पाण्यानेच ही बोंडे फुटतात, म्हणजे ओल मिळण्याच्या वेळीच बी जमिनीवर पडते. लहान मुलांना झाडांची गोडी लावण्यासाठी याहून चांगला प्रयोग मला माहीत नाही. मरवा मात्र पावसाळ्यात फार जपावा लागतो. त्याच्या पानांवर पाणी साचले की तो काळा पडतो.

शेवंतीविषयी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. तिला कळ्या धरण्यासाठी लांब रात्री लागतात, म्हणून ती दिवस लहान होऊ लागल्यावर फुलते. एका ओळखीच्या घरी अंगणातील एकाच ओळीतल्या शेवंत्यांपैकी रस्त्याच्या दिव्याखाली येणारी झाडे दिवाळी उलटली तरी नुसती पानांनी भरलेली होती आणि भिंतीच्या सावलीतली झाडे फुलांनी वाकली होती. खत, पाणी, माती सगळे सारखेच. तेव्हा शेवंती लावताना रात्री काळोख असलेली जागा निवडावी. बहर संपला की झाड जमिनीलगत कापावे, बुडाशी निघालेल्या काश्या, म्हणजे मुळालगतचे नवे फुटवे, फेब्रुवारी-मार्चनंतर सोडवून नव्या वाफ्यात लावाव्यात आणि कोवळ्या शेंड्यांवर मावा दिसला की निंबोळी अर्क फवारावा.

वापराबाबत गुळवेल आणि सदाफुली या दोघींविषयी काळजीपूर्वक बोलले पाहिजे. कोरोनाच्या काळात घरोघरी गुळवेलीचा काढा सुरू झाला आणि २०२१ साली मुंबईतील डॉक्टरांनी तो घेणाऱ्या काही रुग्णांमध्ये यकृताला इजा झाल्याचे नोंदवले. त्यावर आयुष मंत्रालयाने ओळखीत चूक होऊन दुसरी जात वापरली गेली असावी, असे मत मांडले. वाद काहीही असो, दारात लावायची वेल खात्रीच्या माणसाकडूनच आणावी. जिच्या खोडावर ठळक उंच गाठीच गाठी दिसतात ती आपली नेहमीची गुळवेल नव्हे. आणि काढा महिनोन्महिने घेऊ नये. सदाफुली मूळची मादागास्करची. तिच्या पानांचा मधुमेहावरील लोकवापर तपासताना कॅनडात १९५८ साली व्हिन्ब्लास्टिन सापडले, जे कर्करोगावर दिले जाते. इतके प्रभावी द्रव्य ज्या पानात आहे, ते पान सकाळी अनशापोटी चावण्याचा सल्ला कोणी देत असेल तर तो मानू नये. सदाफुली पूजेसाठी आणि डोळ्यांसाठी लावावी.

आपल्या बेळगावातच भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पारंपरिक वैद्यकावरील राष्ट्रीय संस्था आहे आणि शहापुरात आयुर्वेद महाविद्यालय आहे. ओळखीची शंका असेल तर जाणत्यांना विचारण्याची सोय या शहरात आहे, ती वापरावी.

ज्यांचे मूळच औषध आहे अशा झाडांपुढे मात्र माझा नियम वेगळा होतो. वेखंडाचा गड्डा काढला तरी डोळ्याचा तुकडा पुन्हा ओल्या जागी लावता येतो, शतावरीच्या झुपक्यातील काही मुळ्या काढून उरलेले झाड राखता येते. सर्पगंधेचे तसे होत नाही: मूळ काढले की झाड संपते. खानापूरच्या जंगलपट्ट्यातून ती खणून आणून विकणारे लोक मी पाहिले आहेत आणि त्यांच्याकडून विकत घेणारेही. ही वनस्पती आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या यादीत आहे, आणि तिच्या मुळातील रिसर्पिनने रक्तदाब इतका उतरतो की तो घरी करायचा उपाय नव्हेच. लाल देठांवर पांढऱ्या फुलांचे तिचे गुच्छ फार देखणे असतात. त्यांच्यासाठी कोणाला ती लावायची असेल तर रोपवाटिकेतून बियांपासून तयार केलेले रोप आणावे, अर्ध्या सावलीत निचऱ्याच्या मातीत लावावे, आणि जंगलातून आणलेले मूळ कोणी दारात विकायला आणले तर ते घेऊ नये.